चोवीस मीटरवरून किरण : एका विमानाच्या छायाचित्रणाच्या प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात, कार्यशाळेच्या इमारतीलगत, हवाई दलाच्या सेवेतून निवृत्त झालेले एक किरण विमान गेली कित्येक वर्षे उभे आहे. एप्रिलअखेर ते घासून नव्याने रंगवायचे ठरले आहे. रंग चढण्यापूर्वी त्याच्या पत्र्यावरची अक्षरे, खुणा, झाकणे आणि डागडुजीचे जोड जसे आज आहेत तसे छायाचित्रांत नोंदवून ठेवावेत, असा प्रस्ताव मी ग्रंथालयाच्या वतीने दिला होता. तो काल मंजूर झाला. वेगळा निधी नाही, कॅमेराही नाही; काम माझ्या फोनवरच करायचे आहे. फोनला तीन भिंगे आहेत. मुख्य भिंग जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबाने साधारण २४ मिलिमीटरचे, एक त्याहून रुंद आणि एक तिप्पट जवळ आणणारे.

विमानाविषयी थोडे. किरणचे पहिले उड्डाण ४ सप्टेंबर १९६४ रोजी झाले. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये, म्हणजे आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये, ज्या गटाने ते रचले त्याचे प्रमुख डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गटिंगेन येथे वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली होती. शिक्षक आणि शिकाऊ वैमानिक शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे किरणचे डोके रुंद दिसते, आणि इंजिनाला हवा घेणारी तोंडे दोन्ही कुशींना आहेत. लांबी १०.६ मीटर आणि पंखांचा पसारा १०.७ मीटर, म्हणजे विमान जवळजवळ चौरसात बसणारे आहे. रोज त्याच्या बाजूने जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना ही माहिती आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

५ फेब्रुवारी

पहिल्या दिवशी सुमारे ८० छायाचित्रे काढली आणि संध्याकाळी आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकांना दाखवायला नेली. काका हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे, होते. त्यांची उमेदीची वर्षे हैदराबादजवळच्या दुंडिगल येथील अकादमीत किरण विमानांच्या देखभालीत गेली. आता गुडघ्यांमुळे त्यांचे बाहेर पडणे जवळपास थांबले आहे, म्हणून विमान त्यांच्याकडे फोनमधूनच न्यावे लागते.

त्यांनी चष्मा बदलला, फोन हातभर लांब धरला, पहिले छायाचित्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "हे किरण नाही गं. नाक बघ केवढं फुगलंय, आणि शेपूट कुठे गेली? असं बेडकासारखं नव्हतं आमचं विमान."

मी म्हटले, "काका, हेच आहे. रोज बघते मी."

"तू बघतेस ते बरोबर असेल. फोटोत ते आलेलं नाही."

रात्री तीच छायाचित्रे मी पुन्हा पाहिली आणि त्यांचे म्हणणे पटले. छायाचित्रे स्पष्ट होती, उजेडही चांगला होता, पण विमानाचा घाट चुकला होता.

९ फेब्रुवारी

आज मोजपट्टी घेऊन गेले. मुख्य भिंगातून विमान पूर्ण चौकटीत बसवायचे तर मी नाकापासून सुमारे ८ मीटरवर उभी राहते. समोरून थोडे तिरके पाहिले की नाक ८ मीटरवर आणि शेपूट सुमारे १४ मीटरवर येते. डोळ्याला काय किंवा भिंगाला काय, वस्तू दुप्पट दूर गेली की निम्मी दिसते. या हिशेबाने माझ्या छायाचित्रात नाक शेपटीच्या पावणेदोन पट मोठ्या प्रमाणात उमटले होते. आपण जागेवर उभे असताना हे खटकत नाही, कारण आपण मान वळवतो, दोन पावले चालतो आणि मन आपोआप हिशेब जुळवून घेते. कागदावर उमटलेल्या चित्राला ती सोय नाही.

यावर उपाय एकच होता, तो म्हणजे मागे सरकणे. विमानाच्या दक्षिणेला मैदान आहे. तिथे २४ मीटरवर खडूने रेघ मारली, तिप्पट जवळ आणणारे भिंग निवडले आणि तेच विमान त्याच आकारात चौकटीत घेतले. आता नाक २४ मीटरवर आणि शेपूट ३० मीटरवर, म्हणजे फरक फक्त सवापट. दोन छायाचित्रे शेजारी ठेवली तेव्हा वाटावे की ही दोन वेगळी विमाने आहेत. पहिल्यात पंख आखूड होऊन मागे पळालेले दिसतात. दुसऱ्यात पंखाची खरी रुंदी, कुशीतल्या हवेच्या तोंडांची ठेवण आणि शेपटीची उंची एकमेकांच्या मापात येतात.

यात भिंगाचे श्रेय फारसे नाही, हे मुद्दाम तपासून पाहिले. त्याच २४ मीटरच्या रेघेवरून मुख्य भिंगाने छायाचित्र घेऊन मधला भाग कापून काढला, तर घाट अगदी तसाच आला, फक्त बारकावा कमी झाला. घाट ठरतो तो आपण किती अंतरावर उभे राहतो यावरून. ज्याच्या फोनला दूरचे भिंग नाही त्यानेही मागेच सरकावे आणि नंतर कापावे. कडांची चौकट तिपटीने आवळली की चित्रबिंदू नवव्या हिश्शाला येतात, पण १२ इंची छपाईला ५० मेगापिक्सेलच्या फोनमध्ये तेवढे पुरतात.

१० फेब्रुवारी

काकांना नवे छायाचित्र दाखवले. ते काही बोलले नाहीत. पंखाच्या मुळाशी असलेल्या एका झाकणावर बोट ठेवून, ते किती स्क्रूंचे असे आणि त्यातला कोणता स्क्रू नेहमी अडे, हे त्यांनी सांगायला सुरुवात केली. मी ते लिहून घेतले.

१३ फेब्रुवारी

उत्तरेची बाजू, म्हणजे विमानाची डावी कूस, अवघड आहे. त्या बाजूला १२ मीटरवर कार्यशाळेची भिंत येते. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून प्रयत्न केला, पण वरून घेतले की पंख पसरट दिसतात आणि पोट नाहीसे होते. शेवटी कार्यशाळेच्या मदतनिसांना विनंती करून मोठे शटर पूर्ण वर करून घेतले आणि आत, लेथ यंत्रांच्या पलीकडे, शटरपासून १२ मीटरवर उभी राहिले. शटर ६ मीटर रुंद आहे. त्यातून २४ मीटरवरच्या विमानाचा १२ मीटरांचा पट्टा दिसतो, म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत जेमतेम. आतल्या अंधारामुळे भिंगावर तिरके ऊन पडत नाही आणि मैदानातल्या छायाचित्रांवर येणारा पांढुरका पडदा इथे अजिबात येत नाही. नाइलाजाने शोधलेली ही जागा दक्षिणेच्या जागेपेक्षा सरस ठरली.

२० फेब्रुवारी

आजपासून अक्षरांचे काम. विमानाचे नाक पूर्वेकडे आहे. या दिवसांत सूर्य पूर्वेच्या थोडा दक्षिणेला उगवतो, त्यामुळे उगवल्यानंतरची पंधरावीस मिनिटे कोवळे ऊन नाकाकडून शेपटीकडे, उजव्या कुशीला नुसते घासत जाते. दुपारी जो पत्रा सपाट आणि कोरा दिसतो तोच या उजेडात बोलू लागतो. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटचे प्रत्येक डोके आपली इवलीशी सावली टाकते. ठिगळाच्या कडा वर येतात. रंगाचा एक थर दुसऱ्यावर जिथे चढला आहे तिथे केसाएवढी पायरी दिसते.

पंखाच्या मुळाजवळ ‘नो स्टेप’, म्हणजे इथे पाय देऊ नका, ही अक्षरे साच्याने उमटवलेली आहेत. त्यांचा रंग पूर्ण उडाला असूनही अक्षरांपुरता पत्रा आजूबाजूपेक्षा गुळगुळीत राहिला आहे, आणि तिरक्या उन्हात तेवढाच भाग चकाकतो. त्याहून मोलाची गोष्ट मागच्या धडावर सापडली. तिथे पांढऱ्या रंगाखाली जुन्या, मोठ्या आकड्यांच्या कडा दबलेल्या आहेत. हवाई दलातला त्या विमानाचा क्रमांक असणार. शेवटचा आकडा ७ आहे, त्याबद्दल शंका नाही. त्याच्या आधीचा ३ असेल किंवा ८ असेल. त्यांच्याही आधीचे आकडे उजव्या बाजूला नंतरच्या ठिगळाखाली गेले आहेत.

हे काकांना सांगितले तेव्हा ते उठून बसले. दुंडिगलला असताना हाताखालून गेलेल्या विमानांचे क्रमांक त्यांनी एका वहीत लिहून ठेवले होते. वही कुठे आहे ते मात्र आठवत नव्हते. "डाव्या बाजूला पूर्ण असेल तो," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंना लिहायचो आम्ही."

डाव्या बाजूला तिरके ऊन २१ मार्चनंतर येईल, सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवू लागला की. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उजेड उत्तम मिळावा. तोपर्यंत थांबायचे ठरवले.

२ मार्च

आजची नोंद फोनच्या एका सवयीविषयी आहे. कागदपत्रासारखे काम करणाऱ्या प्रत्येकाने ती ओळखून असावी असे मला वाटते. शेपटीजवळच्या एका लहान, विटलेल्या सूचनापट्टीचे छायाचित्र मी दहापट झूम करून घेतले. पडद्यावर अक्षरे इतकी टवटवीत आली की मी खूश झाले. घरी मोठे करून पाहिले तेव्हा कळले की ती अक्षरेच नव्हती. अक्षरांसारख्या उभ्या-आडव्या रेघा होत्या, कोणत्याही लिपीत न बसणाऱ्या. भिंगाला जे दिसले नाही ते फोनने आपल्या अंदाजाने रेखाटून दिले होते.

निसर्गदृश्याला ही मदत चालून जाते, पण नोंदीसाठी काढलेल्या छायाचित्रात ती चूक आहे. आजपासून सर्व बारकाव्याची छायाचित्रे कच्च्या स्वरूपात, म्हणजे डीएनजी फाइलमध्ये घ्यायची, आणि झूम न करता शिडी लावून जवळ जायचे. संपूर्ण विमानाला दूर उभे राहायचे आणि अक्षरांना हातभर अंतरावर जायचे, हे दोन्ही नियम एकाच वेळी खरे आहेत, कारण सपाट पत्र्यावरच्या चार इंची पट्टीत नाक-शेपटीचा प्रश्न येत नाही. फोन मात्र पत्र्याला समांतर धरावा लागतो. त्यासाठी फोनच्या पाठीला एक लहान आरसा टेकवून पत्र्यावर त्याचे प्रतिबिंब जुळवण्याचा प्रयत्न केला, पण विटलेल्या रंगात प्रतिबिंब दिसत नाही. शेवटी पडद्यावरच्या चौकटी रेघा आणि रिव्हेटची रांग जुळवणे हेच सोपे ठरले.

पार्श्वभूमी धूसर करणारा पोर्ट्रेट मोडही बंद ठेवला आहे. त्याने धडावरची एक अँटेना झाडाच्या फांद्यांसोबत पुसून टाकली होती.

९ मार्च

सुट्टी असल्याने पुण्यातल्या घोरपडीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात जाऊन आले. लष्कराच्या दक्षिण मुख्यालयाचे हे स्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले असून १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुले झाले. कारगिल युद्धात वापरलेले एक मिग-२३ बीएन विमान तिथे ठेवले आहे. हे विमान जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ल्यासाठी केलेले असल्याने त्याच्या नाकात रडार नाही. नाक वरून खाली उतरते आणि टोकाला चपटे होते, वैमानिकाला खालचे दिसावे म्हणून. पंखही उड्डाणातच मागे-पुढे वळवता येतील असे आहेत. मार्च २००९ मध्ये हवाई दलाने हा प्रकार निवृत्त केला.

नाकाचा तो उतार टिपायचा तर बाजूने आणि दूरवरून टिपावा लागतो. जवळून मुख्य भिंगाने घेतलेल्या छायाचित्रात तो उतार नाहीसा होऊन साधे टोकदार नाक दिसते, म्हणजे या विमानाची जी ओळख तीच पुसली जाते. किरणच्या बाबतीत झालेली चूक इथे पुन्हा करून पाहिली आणि खात्री करून घेतली. स्मारक असल्याने स्टँड वगैरे नेला नव्हता. तिथे शांतपणे, लोकांच्या वाटेत न येता, हातानेच काम करावे हे योग्य.

लोहगावला विमाने दिसतात मग इकडे कशाला, असे एका सहकाऱ्यांनी विचारले. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि तिथे छायाचित्रणाला मनाई आहे. या प्रकल्पात त्या वाटेला जायचे नाही.

१६ मार्च

रंगांची नोंद. पंखावरच्या वर्तुळात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा असा क्रम आहे. त्यातला केशरी आता विटकरीकडे झुकला आहे आणि हिरवा काळवंडला आहे. हे आजचे रंग जसेच्या तसे नोंदवायचे आहेत, पण फोन दर छायाचित्रात पांढऱ्याची व्याख्या बदलतो. डाव्या बाजूला कडुनिंबाची कोवळी पालवी आहे. तिचा हिरवट उजेड पांढऱ्या धडावर पडतो आणि फोन तो भरून काढण्याच्या नादात केशरीला गुलाबी करतो.

आधी प्रत्येक चौकटीत झेरॉक्सचा पांढरा कागद ठेवत होते. नंतर लक्षात आले की अशा कागदात शुभ्रता वाढवणारी द्रव्ये असतात आणि उन्हात तो निळसर चमकतो, म्हणजे मापालाच खोट. आता छायाचित्र साहित्याच्या दुकानातून प्रमाणित करडे कार्ड आणले आहे. प्रत्येक जागी पहिले छायाचित्र कार्डासह, पुढची कार्डाशिवाय.

२३ मार्च

या छायाचित्रांच्या प्रदर्शनात किरणच्या आधीच्या विमानासाठी एक फलक ठेवायचा आहे. एचटी-२ हेही घाटगे यांच्याच मार्गदर्शनाखाली घडले. ते १९५१ मध्ये प्रथम उडाले, पंख्याचे, पुढे-मागे दोन आसनांचे. आमच्या विद्यार्थ्यांनी त्याची रेडिओवर चालणारी प्रतिकृती केली आहे. आज सकाळी शहराबाहेरच्या माळावर ती उडवली आणि मी छायाचित्रे घेतली.

पंखा वाकडा आला. वाकडा म्हणजे केळीच्या सालीसारखा वळलेला, आणि एका छायाचित्रात तर पाती धडापासून सुटून हवेत तरंगत होती. कारण असे की फोनचा संवेदक संपूर्ण चित्र एका क्षणी वाचत नाही; वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचतो, आणि त्यात सेकंदाचा एखाददुसरा शतांश जातो. प्रतिकृतीचा पंखा मिनिटाला सुमारे ६,००० फेरे घेत होता, म्हणजे एका शतांश सेकंदात एक पूर्ण फेरा. वरची ओळ वाचताना पाते एकीकडे आणि खालची ओळ वाचेपर्यंत पूर्ण फिरून आलेले. घरी टेबलफॅनवर हाच प्रयोग केला. पंखा एक नंबरवर असताना पाती किंचित झुकली आणि तीन नंबरवर कोयत्यासारखी झाली.

माझ्या फोनच्या भिंगाचे छिद्र लहान-मोठे करता येत नाही. त्यामुळे भर उन्हात फोन सेकंदाचा हजारावा-दोन हजारावा भाग इतकाच वेळ उजेड घेतो, आणि पाती जागच्या जागी गोठून त्यांचा वाकडेपणा ठळक होतो. भिंगापुढे राखाडी काच धरून तो वेळ साठाव्या भागापर्यंत वाढवला, तेव्हा पाती विरघळून फिरत्या चकतीचा मऊ गोल उमटला. वाचनाचा दोष आत आहेच, पण दिसत नाही. विमानाच्या गतीबरोबर फोन फिरवत राहावे लागते. ६० छायाचित्रांतून ४ निवडली.

१२ एप्रिल

आजची नोंद लिहिताना मन स्थिर नाही. डाव्या बाजूच्या तिरक्या उन्हासाठी पहाटे सहाला पोचले, तर मागच्या धडाची डावी बाजू घासून झाली होती. रंगकामाच्या ठेकेदाराने मजूर मोकळे होते म्हणून काम दोन आठवडे आधी सुरू केले आणि ते आम्हाला कोणी कळवले नाही. शेपटीपासून पंखाच्या मागच्या कडेपर्यंत पॉलिश पेपर फिरला होता. जमिनीवर पांढरी-केशरी पूड पडली होती आणि पत्रा नागडा चमकत होता. काकांना हवा असलेला पूर्ण क्रमांक त्याच जागी होता.

रंगारी भले गृहस्थ होते. त्यांना यातले काहीच सांगितलेले नव्हते. मी त्यांना फोनमधली छायाचित्रे दाखवली तेव्हा हातातला कागद खाली ठेवून ते म्हणाले, "ताई, मला सांगितलं असतं तर मी पुढूनच सुरू केलं असतं." दोन दिवस ते दुसरीकडचे काम करतील असे त्यांनी स्वतःहून कबूल केले.

१३ एप्रिल

सूर्याची वाट पाहत बसायला वेळ नव्हता, म्हणून काल आणि आज संध्याकाळी अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन काम केले. फोन स्टँडवर, नाईट मोडमध्ये, आणि विद्यार्थ्याच्या हातात बॅटरी, पत्र्यापासून वीतभर अंतरावर, पत्र्याला जवळजवळ चिकटवून एका बाजूने. उजेडाची दिशा आपल्या हातात असते, ती चारही बाजूंनी फिरवता येते, आणि आडव्या उजेडात न दिसणारी रेघ उभ्या उजेडात दिसते. फेब्रुवारीतल्या सकाळच्या उन्हापेक्षा ही छायाचित्रे अधिक बोलकी आहेत. नाकाची डावी बाजू, डाव्या पंखाचे मूळ आणि इंधनाच्या तोंडाभोवतीच्या सूचना असे सर्व काही १४० छायाचित्रांत आले.

हे काम फेब्रुवारीतच एका रात्रीत होऊ शकले असते. ऊन हेच तिरक्या उजेडाचे साधन आहे असे मी धरून चालले आणि दोन महिने थांबले. त्या थांबण्यात क्रमांक गेला.

१४ एप्रिल

काकांना सांगितले. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले, मग म्हणाले, "उजवीकडचे दोन आकडे आहेत ना तुझ्याकडे? तेवढे जप."

१४ मे

हे एकदोन दिवस पुण्यात शून्य सावलीचे. भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि विमानाची सावली पूर्णपणे त्याच्या पोटाखाली गोळा होते. वरची बाजू पांढरीफटक आणि पोट काळेकुट्ट, अशी ही वेळ छायाचित्राला वाईट. पण चाकांच्या खोबणी घ्यायच्या राहिल्या होत्या आणि त्यासाठी मी मुद्दाम हीच वेळ निवडली. जमिनीवर थर्माकोलचे चार पांढरे तक्ते अंथरले. त्यांवरून उसळलेल्या उन्हाने खोबणीचा कोपरान्‌कोपरा उजळला, नळ्या आणि त्यांवरच्या खुणपट्ट्या एकसारख्या दिसू लागल्या. तापमान इतके होते की दहा मिनिटांत फोनने गरम झाल्याची सूचना देऊन कॅमेरा बंद केला. ओल्या फडक्यात नव्हे, नुसत्या सावलीत ठेवून तो निवू दिला आणि तीन फेऱ्यांत काम पुरे केले. गार फडक्याने भिंगाच्या आत वाफ धरण्याचा धोका असतो.

कॅनॉपीचे, म्हणजे वैमानिकांच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाचे, काम सोडून द्यावे लागले. तिचे पर्स्पेक्स पिवळे पडून त्यात जाळ्या आल्या आहेत. चकाकी मारणारा फिल्टर धरूनही आतली आसने ओळखीची येत नाहीत.

२६ मे

उजव्या पंखावरचे नवे वर्तुळ उलटे रंगवले गेले होते. बाहेर हिरवा आणि आत केशरी. ध्वजात केशरी पहिला म्हणून तो मध्यावर, असा समज झाला असावा. मी रोजच्यासारखे प्रगतीचे छायाचित्र काकांना पाठवले आणि पाचव्या मिनिटाला त्यांचा फोन आला. "केशरी बाहेर. बाहेर केशरी. आत्ताच्या आत्ता सांग त्यांना."

१६ मार्चची, करड्या कार्डासह घेतलेली छायाचित्रे छापून रंगाऱ्यांना दिली. पंखाच्या कडेपासून वर्तुळाचे अंतर आणि तिन्ही पट्ट्यांची रुंदी रिव्हेटच्या रांगा मोजून काढता आली, कारण छायाचित्रात रिव्हेट मोजता येतात आणि रिव्हेट जागचे हलत नाहीत. संध्याकाळपर्यंत वर्तुळ दुरुस्त झाले. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा हा प्रकल्प करणे सार्थ होते असे मला वाटते.

८ जून

छपाई आली. मुख्य छायाचित्र १२ बाय १८ इंच, मैदानातल्या रेघेवरून घेतलेले, फेब्रुवारीतले, जुन्या रंगातले. ते घेऊन संध्याकाळी काकांकडे गेले. मोबाइलवर पाठवलेली छायाचित्रे संदेशाच्या वाटेत आक्रसतात आणि त्यांतली अक्षरे जातात, त्यामुळे पूर्ण बारकाव्यासह ते विमान प्रथमच त्यांच्यासमोर येत होते.

वही सापडली होती. त्यांच्या मुलीने माळ्यावरच्या ट्रंकेतून काढून दिली, पानांना कसर लागलेली, शाई तपकिरी झालेली. मधल्या दिवसांत मी २० फेब्रुवारीच्या छायाचित्रातून त्या दोन आकड्यांचा भाग काढून त्याचा उठाव वाढवला होता. आकडा ८ असता तर डावीकडेही रंगाची पायरी असती. तिथे पत्रा सपाट आहे. म्हणजे तो ३ आहे, शेवट ३७.

काकांनी वहीची सगळी पाने बोट फिरवत वाचली. ३७ ने संपणारा क्रमांक त्यांत नव्हता. त्यांनी वही मिटली आणि छायाचित्र मांडीवर घेतले.

"नाक बरोबर आलंय," ते म्हणाले.

मग त्यांनी पेन्सिल मागितली आणि छायाचित्रावर, मी नको म्हणण्याच्या आत, तीन लहान फुल्या केल्या. दोन झाकणांवर आणि एक मागच्या धडाच्या जोडावर. पहिल्या दोन झाकणांच्या आत, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, काम करणारे लोक कधी कधी आपली आद्याक्षरे ओरखडून ठेवत. रंगाऱ्यांचा हात तिथे पोचला नसणार. कार्यशाळेकडून स्क्रूड्रायव्हर आणि परवानगी घेऊन उद्या ती दोन्ही झाकणे उघडायची आहेत. बॅटरी चार्जिंगला लावली आहे.